शब्दांचें गोत्र

गेल्या दसऱ्यास आमचा एक जुना विद्यार्थी सोनें देण्यास घरीं आला. तो आतां एका मदरशांत मुलांस अरबी शिकवितो. आमच्या नातवानें त्यास सहज विचारलें, "काका, तालीम म्हणजे कुस्तीचीच ना?" करवीरच्या मुलास दुसरी तालीम कोठून ठाऊक असणार? गंगावेस, मोतीबाग हीं नांवें तो जन्मापासून ऐकत आला आहे. पाहुणा हंसून म्हणाला, "बाळ, तालीम, इलम आणि मालूम हीं एकाच आईचीं लेंकरें." मग आमच्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "गुरुजी, आपण वर्गांत सांगत असां कीं संस्कृत शब्दांस धातु असतो, यावनी शब्द निर्मूळ असतात. मी तेव्हां कांहीं बोललों नाहीं."

आम्ही निरुत्तर झालों. तें वाक्य आम्हीं वर्षानुवर्षें मुलांस सांगितलें होतें. त्या दुपारीं तो गुरु झाला आणि आम्ही शिष्य. जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवणें आमचें कर्तव्य आहे.

अरबी धातु बहुधा तीन व्यंजनांचा असतो. आपण 'कृ'पासून कर्ता, कार्य, कृति साधतों तेव्हां प्रत्यय जोडतों व स्वरास गुणवृद्धि करतों. अरबींत व्यंजनांचा सांगाडा कायम राहतो. स्वर त्यांच्या मध्यें बसतात व म, त यांसारखीं अक्षरें आरंभीं लागतात. ह-स-ल म्हणजे हातीं येणें. हातीं येतें तें हाशील, गोळा झालेला तो महसूल, गोळा करण्याची क्रिया ती तहसील. तिला फारशी 'दार' जोडला कीं तहसीलदार झाला! फ-स-ल म्हणजे वेगळें करणें. वाद तोडतो तो फैसला, बाबवार वेगळें मांडणें तो तपशील, वर्षाचा एक विभाग म्हणजे हंगाम व त्यावरून त्याचें पीक ती फसल. ज-म-अ पासून जमा, जमात आणि मजमू. म्हणजे आपले मुजुमदारही याच कुळींचे.

साचेही ठरलेले आहेत. आपल्या 'क्त' प्रत्ययाचें काम तेथें महसूल, मजकूर, मंजूर, मालूम यांचा साचा करतो: मिळविलेलें, उल्लेखिलेलें, पाहिलेलें, जाणलेलें. तहसील, तपशील, तालीम हीं क्रियानामें दुसऱ्या एका साच्यांतलीं. तालमीचा मूळ अर्थ शिक्षण. कुस्तीचा अर्थ मागाहून आला.

मात्र नुसत्या कानावर विसंबूं नये. नजर व नजराणा सख्खे भाऊ वाटतात. परंतु अरबींत त्यांचा 'ज' दोन निराळ्या अक्षरांनीं लिहितात. एकाचा धातु पाहण्याचा, दुसऱ्याचा नवस बोलण्याचा. मराठींत दोन्ही वर्ण एक झाले, म्हणून हा भ्रम.

हे शब्द बहमनी व आदिलशाही दफ्तरांतून फारशीच्या द्वारें आपल्याकडे आले. ते ठेवावे कीं टाळावे हा वाद जुना आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें त्यांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला. १९२५ सालीं फारशी-मराठी कोश प्रसिद्ध करणारे व पुढें येथील राजाराम कॉलेजांत शिकविणारे माधव जूलियन यांनींही उत्तरायुष्यांत भाषाशुद्धीचा कैवार घेतला. पण काय टाळीत आहों हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. आम्हांस नव्हतें. पाहुण्यास निरोप द्यावयाचा झाला तरी त्याचें कुल विचारावें, मग द्यावा.

आमच्या वर्गांत बसलेले कोणी हें वाचीत असतील, तर त्यांनीं वहींतील तें आमचें वाक्य खोडावें.