पिशवी काढण्याआधी कारण विचारा



आमच्या वस्तीतल्या एका ताईची पाळी दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. मागच्या वर्षी पुन्हा रक्त जाऊ लागलं. घरचे म्हणाले, उष्णता झाली असेल. शेजारीण म्हणाली, जाता जाता एखादवेळी परत येतेच. ताईने सात महिने अंगावर काढले. तपासणी झाली तेव्हा गर्भाशयाचा कर्करोग निघाला. त्या सात महिन्यांत आम्ही तिच्या घरी तीनदा गेलो होतो. एकदा जयंतीच्या वर्गणीला, एकदा मतदार यादीच्या कामाला, एकदा दीक्षाभूमीच्या बसची नावं लिहायला. तिने चहा दिला. आम्ही काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही.

हा विषय काढला की आपलेच काही बंधू म्हणतात, 'हा बायकांचा प्रश्न आहे, चळवळीचा नाही.' त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणाला शिवल्यावर आंघोळ करावी, याची यादी आहे. त्या यादीत चांडाळ आहे, आणि त्याच ओळीत पाळी आलेली स्त्रीही आहे. ज्या हाताने आपल्याला गावकुसाबाहेर बसवलं, त्याच हाताने तिला घराबाहेर बसवलं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं गेलं. मग आपल्या घरात आजही 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे' हे शब्द कसे? काही घरांत तर पाळीतली मुलगी वंदनेला बसत नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात भिक्खुणींना पाळीच्या दिवसांसाठी वेगळं कापड वापरायची परवानगी आहे. अडचण होती ती डागांची, उपाय कापडाचा. विटाळाचं नाव नाही. जो विटाळ बुद्धाने मानला नाही, तो आपण कोणाकडून उसना आणला?

विटाळाचं सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे गप्प बसण्याची सवय. जे बोलायचं नाही, ते मोजलं जात नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यावर वेळेत उपचार होत नाहीत. म्हणून आधी मोजायला शिकू. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत साधारण २४ ते ३८ दिवस, आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत, हे सर्वसाधारण मानलं जातं. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षं आणि बंद होण्याआधीची काही वर्षं यात मागेपुढे होतं. पण दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणं, संबंधानंतर जाणं, तासा-दोन तासाला पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं, हे सहन करायचं नसतं, दाखवायचं असतं. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

कारणं एक नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने २०११ साली त्यांचे नऊ गट केले. गर्भाशयात मांसाचा कोंब किंवा गाठ असू शकते. अस्तर स्नायूत शिरलेलं असू शकतं. कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था असू शकते. रक्त गोठण्यातला जन्मजात दोष असू शकतो, आणि तो पुष्कळदा पहिल्या पाळीपासूनच दिसतो. थायरॉईड किंवा पीसीओएसमुळे बीज वेळेवर सुटत नाही. तांबी, गर्भनिरोधक गोळ्या-इंजेक्शनं, रक्त पातळ करणारी औषधं यांनीही फरक पडतो. शिवाय गर्भ राहिलेला असू शकतो, आणि तो नळीत असेल तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पहिली तपासणी साधी असते: गर्भाची चाचणी, हिमोग्लोबिन, गरजेप्रमाणे थायरॉईड आणि सोनोग्राफी, आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. पुष्कळ कारणांवर गोळ्यांनी उपचार होतात.

आता बीडकडे बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. खाडा पडला की दंड. उसाच्या फडात ना संडास, ना पाणी, ना आडोसा. अशा बाईच्या अंगावरून जास्त जाऊ लागलं की तिला सांगितलं जातं, 'पिशवी काढून टाक, कटकट संपेल, नाहीतर कॅन्सर होईल.' २०१९ साली सरकारी समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहातली एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभराचं प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. या बायांच्या पोटातच काही वेगळं होतं का? नाही. वेगळी होती ती उचल, तो खाडा आणि तो दवाखाना.

आमच्या ताईकडे कोणी लक्ष दिलं नाही, आणि ऊसतोड बाईचं गर्भाशयच काढून टाकलं. ही दोन टोकं वाटतात, पण दोन्हीकडे एकच पायरी गाळली गेली: रक्त का जातंय, हे कोणी शोधलंच नाही. पिशवी काढणं कधी कधी खरंच गरजेचं असतं. कर्करोगात तेच जीव वाचवतं. पण तिशीतल्या बाईचे बीजकोशही सोबत काढले तर पाळी जाण्याचा काळ एकदम येतो, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो. ज्या बाईचं पोट अंगमेहनतीवर आहे, तिची हाडंच जाणं म्हणजे काय, हे आम्ही सांगायला नको.

बाबासाहेबांनी हा विषय बायकांवर सोडला नव्हता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि बाईच्या विश्रांतीचा भार मालकाने व सरकारने उचलावा अशी बाजू मांडली. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मधल्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. शरीराविषयी विचारलेला प्रश्न त्यांना घाण वाटला नाही. मग आपण कोणत्या बाबासाहेबांचे अनुयायी?

८ मार्चला पॅड वाटून फोटो काढणं पुरेसं नाही. प्रत्येक विहारात एक पाळीचं कॅलेंडर लागावं, आणि मुलींना तारखा लिहायची सवय लागावी. वर्षावासातली एक रविवारची बैठक आशाताई किंवा डॉक्टर ताईंना द्यावी, आणि त्या बैठकीला पुरुषांनीही बसावं. कोणी 'पिशवी काढा' म्हटलं, तर तीन प्रश्न विचारावेत: कारण काय, तपासणीचा कागद कुठे, दुसरा उपाय कोणता? त्यानंतर सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्यावं. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. त्यात जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे. आपल्या जिल्ह्यात ती बसते का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला एक अर्ज लागतो. तो अर्ज तरुणांनो, तुम्ही लिहा.

ताईचे उपचार सुरू आहेत. परवा भेटलो तेव्हा ती म्हणाली, 'तुमच्यापैकी एकाने जरी विचारलं असतं, तरी मी सांगितलं असतं.' यंदा वर्गणीला जाताना आम्ही पावतीपुस्तकासोबत हा प्रश्नही नेणार आहोत.