छत्रपती : पदवी आणि पत

‘छत्रपती’ हा शब्द महाराष्ट्रात इतक्या सहजतेने उच्चारला जातो, की त्याच्या अर्थाकडे क्वचितच लक्ष जाते. रस्ते, विमानतळ, शिक्षणसंस्था यांच्या नावांत तो आहे. दुकानांच्या पाट्यांवरही आहे. परंतु ते आडनाव नव्हे, आणि केवळ आदरार्थी विशेषणही नव्हे. ती राजपदवी आहे.

संस्कृतातील ‘छद्’ म्हणजे आच्छादणे. त्यापासून ‘छत्र’ झाले. ‘पती’ या शब्दाचा संबंध परंपरेने ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूशी जोडला जातो. म्हणून ‘छत्राचा धनी’ एवढाच अर्थ अपुरा ठरतो. छत्र राजाच्या मस्तकावर असले तरी सावली प्रजेवर पडावी, हे त्यात अभिप्रेत आहे. छत्र हे सार्वभौमत्वाचे प्राचीन भारतीय चिन्ह होय. जिनप्रतिमेवरील छत्रत्रय त्रैलोक्याच्या स्वामित्वाचे सूचक मानले जाते, तेही याच संकेतानुसार.

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करवून घेतला. किल्ले, आरमार, खजिना हे सारे त्यापूर्वीच होते. तरीही विजापूर आणि दिल्लीच्या लेखी ते बंडखोर जहागीरदारच होते. ‘राजा’ हा किताब बादशहाही देत असे. औरंगजेबाने तो १६६८ मध्ये महाराजांना दिला होता. जे दुसऱ्याने दिले, ते तो परतही घेऊ शकतो. ‘छत्रपती’ ही पदवी मात्र कोणाच्या दरबारातून आलेली नव्हती. तिच्यामुळे महाराजांच्या दानपत्रांना आणि तहनाम्यांना स्वतंत्र राजाच्या शब्दाचे वजन आले. राज्याभिषेक शक सुरू झाला आणि राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही सिद्ध झाला.

ही पदवी बाजारपेठेत पोहोचली ती नाण्यांवरून. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई यांच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असत. राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या इंग्रज वकिलाने, हेन्री ऑक्झेंडनने, आपल्या कंपनीचे नाणे स्वराज्यात चालावे अशी मागणी केली. कोणत्याही नाण्यास मनाई नाही, ते वजनाला व कसाला उतरले तर चालेलच. मात्र ज्यात रयतेचे नुकसान होईल ते नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करता येणार नाही, असा महाराजांच्या उत्तराचा आशय होता. छत्र म्हणजे सावली, याचा याहून व्यवहारी दाखला कोणता?

पुढे सत्ता पेशव्यांच्या हाती एकवटली, पण पदवी तिथे गेली नाही. नवा पेशवा साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रे घेई, तेव्हाच त्याचा अधिकार ग्राह्य ठरे. त्याच्या शिक्क्यातही छत्रपतींचे नाव आधी आणि ‘प्रधान’ हे स्वतःचे पद नंतर असे. मुनीम कितीही कर्तबगार असला, सारा कारभार त्याच्याच हाती असला, तरी पेढी मालकाच्याच नावाने चालते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगायला नको.

१७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या मान्य झाल्या. दत्तकपुत्राचा हक्क नाकारून इंग्रजांनी १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा केले. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. राज्ये गेली, पदवीचा मान उरला.

तो मान टिकवण्याची जबाबदारी आता शब्द वापरणाऱ्यांची आहे. लेखनात ‘छत्रपती’नंतर ‘महाराज’ सुटू नये, एवढी काळजी अनेकजण घेतात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या दुकानाच्या पाटीवर ही पदवी आहे, त्यांच्याकडून आणखी थोडी अपेक्षा आहे. ज्याने गिऱ्हाइकाचे नुकसान होईल, असा माल त्या पाटीखाली विकला जाऊ नये.