दूरचा कळफलक

औंढा नागनाथाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे, हें वाचकांस ठाऊकच आहे. एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें तिजसाठीं सुमारें २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या भुजा प्रत्येकीं ४ किलोमीटर. टिपावयाचा कंप प्रोटॉनच्या व्यासाच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म! अशा यंत्राशेजारीं संगणकाच्या पंख्यांची घरघर व माणसांची वर्दळ कशी चालावी? अमेरिकेंतील लायगो वेधशाळांतही नियंत्रणदालन वेगळेंच आहे.

परंतु कळफलकाची साधी यूएसबी तार ५ मीटरांपुढें भरंवशाची राहत नाहीं. तेथें विस्तारकाची जोडी कामास येते. एक पेटी संगणकापाशीं, दुसरी चालकाच्या मेजावर. मधल्या जाळ्याच्या तारेवरून सुमारें १०० मीटर, आणि काचतंतूवरून कित्येक किलोमीटर, पडदा, कळफलक व माऊस यांचे संदेश जातात. कोणी म्हणतील, हें काम आज्ञावलीनेंही होतें. होतें खरें, पण संगणक सुरू होतांनाच अडला, तर आज्ञावली मुकी होते. विस्तारक मात्र पडद्यावरील पहिली ओळही दाखवितो. आमचें मत त्याच्याच बाजूचें आहे.

आमची खरी चिंता निराळी आहे. जमीन या जिल्ह्यानें दिली. कळफलकावरील बोटें मात्र सर्व बाहेरचींच असावींत काय? आमच्या शाळांतून संगणक म्हणजे टंकलेखन, एवढेंच शिकविलें जातें. कांहीं हजार रुपयांत मिळणारी अशी एक जोडी प्रत्येक हायस्कुलानें घ्यावी, आणि दहावीच्या मुलामुलींस ती स्वहस्तें जोडूं द्यावी.