निवाऱ्याने कुत्रं परतही घ्यावं

प्रति,
मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, पुणे

महोदय,

शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा आणि पुन्हा तिथे सोडू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सांगितलं. म्हणजे शिरूर तालुक्यातल्या निवाऱ्याचा प्रश्न आज ना उद्या तुमच्यापुढे येणारच. तेव्हा जागा, शेड, पिंजरे यांवर बोलणं होईल. कुत्रं आत कसं घ्यायचं आणि बाहेर कुणाला द्यायचं, हे मात्र राहून जाईल अशी मला भीती वाटते.

आमची सणसवाडी कंपन्यांमुळे भाडेकरूंचं गाव झाली आहे. कंत्राट संपलं की माणसं खोली रिकामी करून मराठवाड्यात, विदर्भात, बिहारमध्ये निघून जातात. हौसेनं वाढवलेलं कुत्रं मागे राहतं, कारण पुढचा खोलीमालक ते चालवून घेत नाही. पाळलेलं जनावर उपासमार होईल असं सोडून देणं हा प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. त्या धाकाने कुणी थांबत नाही. कुत्रं कुठे नेऊन द्यायचं हे माहीत असेल, तर माणूस थांबेल.

म्हणून कुत्रं द्यायला आलेल्याला हाकलू नका, चारचौघांत बोल लावू नका. त्याला बसवून विचारा: काय खातं, कुणाला चावलंय का, लस कधी दिली, लहान मुलांत राहतं का, फटाक्यांना घाबरतं का. ते कुत्रं उद्या दुसऱ्या घरी देताना हीच माहिती कामाला येते. ओशाळलेला माणूस खोटं सांगतो, नाहीतर रात्री फाटकाला बांधून निघून जातो. कधी अडचण छोटी असते. नसबंदी फुकट करून दिली किंवा खोलीमालकाशी कुणी दोन शब्द बोललं, तरी कुत्रं आहे त्या घरीच राहील. आणि आत घेतलेलं प्रत्येक कुत्रं पहिले दोन आठवडे वेगळं ठेवा. एका पार्व्होच्या संसर्गाने सगळी पिल्लं जातात.

हा फक्त भूतदयेचा विषय नाही. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि उसातला बिबट्या आम्हाला नवा नाही. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. रस्त्याकडेला सोडलेलं कुत्रं वस्तीच्या कडेने राहतं, आणि त्याच्या मागे बिबट्या वस्तीपर्यंत येतो. हे संकट इथली माणसं जिवावर झेलत आहेत.

जनावरांच्या निवाऱ्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत १८३२ साली कुत्री मारण्यावरून दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी पांजरपोळ उभी केली. आलेलं जनावर शेवटपर्यंत सांभाळायचं, ही पांजरपोळीची रीत मोठी आहे. पण कुत्र्याला माणूस लागतो. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात ठेवलं तर ते खंगतं.

तेव्हा दत्तक द्या, पण नीट द्या. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनी बंदी आहे; दत्तक देतानाही तीच मर्यादा पाळा. लस आणि वयात आलेल्याची नसबंदी आधी करा, घर पाहून या. मात्र स्वतःचं घर असावं अशी अट घालू नका. मग आमच्या गावातले निम्मे चांगले पालक बाद होतील. खोलीमालकाची लेखी संमती पुरेशी आहे.

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, की ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. नोकरी कधी जाईल हे माहीत नसलेल्या कामगाराने ही जबाबदारी कशाच्या भरवशावर घ्यायची? जमलं नाही तर आम्ही परत घेऊ, हे निवाऱ्याने दत्तकपत्रावरच छापलेलं असावं.

हे काम एखाद्या संस्थेला देणार असाल, तर या अटी करारात घाला. किती कुत्री आली, किती दिली, किती परत आली आणि किती मेली, हे दर महिन्याला गावागावांतल्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा. परत आलेल्यांचा आकडा मोठा दिसला म्हणून संस्थेला धारेवर धरू नका. मेलेल्यांचा मोठा दिसला, तर त्याच दिवशी तुमचे पशुवैद्यकीय अधिकारी तिथे पाठवा.

आपला,
सणसवाडीचा एक रहिवासी