छायालेखक हा लेखक नव्हे काय?

मराठीने कॅमेरामनसाठी ‘छायालेखक’ असा अर्थपूर्ण शब्द घडवला. त्यातल्या ‘लेखक’ या पदाची जबाबदारी मात्र आमच्या समीक्षेने कधी घेतली नाही. साहित्याच्या वर्गात चित्रपट आला की आम्ही कथानक, पात्रे, आशय आणि फार तर दिग्दर्शकाची ‘दृष्टी’ यांवर बोलतो. पडद्यावरचा प्रकाश कोणी लिहिला, हा प्रश्न ‘तंत्र’ म्हणून बाजूला सारला जातो. आणि तो लिहिणारा परदेशातून आलेला असेल, तर ‘जर्मन प्रभाव’ या दोन शब्दांत त्याची वासलात लावता येते. योझेफ विर्शिंग यांच्या बाबतीत हेच घडले. आमचा आक्षेप याला आहे.

म्यूनिकमध्ये १९०३ साली जन्मलेले विर्शिंग १९२५ मध्ये ‘प्रेम संन्यास’च्या चित्रीकरणासाठी प्रथम भारतात आले. पुढे हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभारली, तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ओस्टेन यांच्यासह ते पुन्हा आले. ‘अछूत कन्या’ (१९३६) त्यांनीच चित्रित केला. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरवले. तेव्हाचे अहमदनगर, देवळाली, सातारा आणि देहरादून येथील छावण्यांत त्यांची उमेदीची वर्षे गेली. वयस्क ओस्टेन यांना मायदेशी परतू देण्यात आले. विर्शिंग युद्धानंतरही येथेच राहिले, ‘महल’ (१९४९), ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) यांसारखे चित्रपट त्यांनी केले आणि १९६७ साली मुंबईतच त्यांचा मृत्यू झाला. ‘पाकीजा’ तेव्हा अपुरा होता. इतर छायालेखकांच्या मदतीने तो पूर्ण होऊन १९७२ साली प्रदर्शित झाला, तरी श्रेयनामावलीत नाव विर्शिंग यांचेच राहिले.

या कारकिर्दीला ‘प्रभाव’ म्हणणे म्हणजे बोटीतून उतरलेल्या माणसाकडे केवळ त्याची पेटी पाहणे होय. ‘महल’मधील काळोख, झोपाळ्यावर दिसून नाहीशी होणारी मधुबाला यांकडे बोट दाखवून ‘जर्मन अभिव्यक्तिवाद’ असा शेरा मारला जातो. परंतु विर्शिंग ज्या म्यूनिकच्या ‘एमेल्का’ कंपनीत घडले, तिचे नाते बर्लिनच्या त्या छायामय चित्रपटांपेक्षा बव्हेरियातील ग्रामीण चित्रपटांशी अधिक होते. शिवाय ‘अछूत कन्या’तील गाव आणि रेल्वेफाटक, ‘दिल अपना’मधील रुग्णालय, ‘पाकीजा’तील रंगीत महफिली या सर्वांना एकच शेरा कसा पुरणार? वेगवेगळ्या कथांसाठी, वेगवेगळ्या दिग्दर्शकांबरोबर आणि कृष्णधवल ते रंगीत अशा बदलत्या साधनांनी हा माणूस सतत नव्याने लिहीत होता. लेखकाच्या बाबतीत आम्ही याला ‘विकास’ म्हणतो. छायालेखकाच्या बाबतीत ‘प्रभाव’ म्हणून मोकळे होतो.

दुसरी उपेक्षा शिक्षकाची. पुण्यात चित्रपटशिक्षणाची सरकारी संस्था १९६० साली निघाली. त्याच्या पाव शतक आधी मालाडच्या आवारात भारतीय साहाय्यक परदेशी तंत्रज्ञांच्या हाताखाली काम शिकत होते. विर्शिंग यांच्याजवळ शिकलेल्या आर. डी. परीन्जा यांनी पुढे ‘किस्मत’ (१९४३) चित्रित केला, तोही गुरू छावणीत असताना. ज्या शिक्षणाला प्रमाणपत्र नाही, ते आमच्या इतिहासलेखनाला दिसतच नाही, असे म्हणावे लागते.

विर्शिंग यांच्याजवळ लायका कॅमेराही होता. चित्रीकरणाच्या मधल्या वेळात त्यांनी सेटवरील माणसांची, दिव्यांची, देविका राणींची छायाचित्रे टिपली. कुटुंबीयांनी जपलेला हा संग्रह २०१७ साली गोव्यातील प्रदर्शनात लोकांसमोर आला आणि पुढे ग्रंथरूपही पावला. चित्रपट हा अनेकांच्या श्रमाचा व्यवहार आहे, याचा इतका ढळढळीत पुरावा हाती असूनही आमच्या अभ्यासक्रमांची मांडणी दिग्दर्शकाभोवतीच फिरत राहिली.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. ओस्टेन नाझी पक्षाचे सदस्य होते. मग या मंडळींचा गौरव कशासाठी? आम्ही गौरवाची मागणी करत नाही, वाचनाची करतो. अस्पृश्यतेवरचा एक गाजलेला चित्रपट अशा दिग्दर्शकाने केला, हा पेच झाकून ठेवण्याजोगा नाही. वर्गात चर्चा व्हावी ती त्याचीच. परंतु ओस्टेन यांच्या सदस्यत्वाचा हिशेब विर्शिंग यांच्या नावे मांडणे हा न्याय नव्हे. केवळ राष्ट्रीयत्वावरून माणसाला कुंपणाआड टाकणे ही तर त्या छावण्यांचीच रीत होती.

‘अछूत कन्या’ची कथा निरंजन पाल या बंगाली लेखकाची, संगीत सरस्वती देवी या नावाने वावरणाऱ्या पारशी खुर्शीद होमजींचे, आणि प्रकाश म्यूनिकच्या विर्शिंग यांचा. ज्याला आम्ही अभिमानाने ‘आपला’ सिनेमा म्हणतो, तो असा घडला. ही नावे गाळून उरते ते केवळ कथासार, आणि कथासार शिकवण्यासाठी चित्रपट दाखवण्याची गरज नाही. ब्रिटिशांनी विर्शिंग यांना युद्ध संपल्यावर तरी सोडले. ‘प्रभाव’ नावाच्या छावणीतून त्यांची सुटका करणे हे आता आम्हा अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे काम आहे.