तलफ आणि मनाविषयीचे समज

परीक्षा जवळ आली, की पुंडलिकनगरात खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांकडून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'पुडी तोंडात असल्याशिवाय डोके चालत नाही', हे पहिले. सोडण्याचा विषय काढला, की दुसरे : 'एकदा विचार आला, की मग आपल्या हातात काही राहत नाही.' ही वाक्ये तंबाखूविषयी वाटतात. वस्तुतः ती मनाविषयी आहेत.

आपले मन कसे चालते, याविषयीच्या अशा समजांची मांडणी मानसशास्त्रज्ञ एड्रियन वेल्स यांनी केली, आणि मार्कान्तोनियो स्पाडा यांनी तिचा धागा मद्यपान, धूम्रपान व इंटरनेटचा अतिरेक यांच्याशी जोडला. विचारांवर आपला ताबाच नाही असे मानणारे विद्यार्थी अशा सवयींत अधिक गुंतलेले आढळतात. अर्थात, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे; आणि निकोटिनची शारीरिक पकडही खोटी नव्हे.

आम्हा अर्थशास्त्रवाल्यांना हा विचार अडचणीचा आहे. गॅरी बेकर व केव्हिन मर्फी यांच्या 1988च्या सिद्धान्तातील व्यसनी मनुष्य उद्याची हानी मोजून आजचा उपभोग ठरवतो. त्याची किंमत वाढवावी, की मागणी घटेल! किंमतीचा परिणाम होतो, हे खरेच. परंतु ज्याला 'निवड माझ्या हाती नाही' असेच वाटते, तो हिशेब काय मांडणार? महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. पुडी मात्र अद्याप मिळते.

आणि आपली व्यसनमुक्ती सप्ताहातील भाषणे? 'एकदा जडले की सुटत नाही', हे वाक्य प्रस्तुत लेखकानेही वर्षानुवर्षे टाळ्या घेत उच्चारले आहे. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने शांतपणे विचारले, 'सर, सुटतच नाही, तर प्रयत्न कशाला करायचा?' उत्तर सुचले नाही. ज्या समजाने त्याला बांधले होते, त्यालाच आम्ही व्यासपीठावरून दुजोरा देत होतो.

पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली. 'मलाही तलफ यायची, ती जातेही', हे त्यांच्यापैकी एखाद्याने सांगणे आणि आमच्यासारख्याने कर्करोगाची चित्रे दाखवणे, यांत फार अंतर आहे. यंदा आमच्या सप्ताहात अशाच एकाला बोलावावे, असा आग्रह मी धरला आहे. माझ्या भाषणातील ते वाक्य मी खोडले आहे; पुढची तलफ किती मिनिटे टिकते, ते घड्याळ लावून पाहा आणि मला येऊन सांगा, एवढेच मुलांना सांगणार आहे.