जुन्या ग्रामोफोनची मागणी

सेलू येथील आमच्या वडिलोपार्जित वाड्याची वांटणी पुरी झाली, तरी माडीवरील एक वस्तु कोणाच्याच वांट्यास जाईना. ती म्हणजे आजोबांचा चावीचा ग्रामोफोन व त्यासोबतच्या साठ तबकड्या. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीमखां अशी ती मंडळी. अखेर चौघां भावांच्या संमतीनें सारें विकावयाचें ठरलें. परभणीहून एक व्यापारी आला. आम्हीं आपली किंमत न सांगतां "तुम्हीच बोला" म्हटलें, ही आमची पहिली चूक. त्यानें कर्ण्यावर टिचकी मारली व म्हणाला, "सगळ्याचे आठशें."

धाकटे बंधू संतापून उठलेच. खरें सांगावयाचें तर आम्हांसही तो आजोबांचाच अपमान वाटला. वस्तुतः त्या बिचाऱ्यास आजोबा कोठले ठाऊक! काकूंनीं मात्र त्यास बसवून चहा दिला आणि विचारलें, "दादा, आठशें कसे झाले, तें तरी सांगा."

त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. स्प्रिंग ढिली होती, साउंडबॉक्समधील रबर वाळलें होतें. शिवाय नव्या पितळी कर्ण्यांचे बनावट ग्रामोफोन बाजारांत इतके आले आहेत कीं, गिऱ्हाईक अस्सल यंत्राकडेही संशयानेंच पाहतें. काकूंनीं हें सर्व मान्य केलें. परंतु तबकड्यांना तो रद्दीप्रमाणें धरूं लागतांच त्यांनीं त्यास थांबविलें. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या ह्या लाखेच्या तबकड्या आतां निघत नाहींत, आणि हातून पडली कीं फुटलीच. आजोबा तर प्रत्येक बाजूस नवी पोलादी सुई लावीत. बोथट सुईनें रेघा झिजतात. काकूंनीं चावी देऊन एक तबकडी लावली. यंत्र मधेंच मंदावलें, पण आवाज स्वच्छ होता.

"नुसत्या यंत्राचे बावीसशें," काकू म्हणाल्या. तासाभराच्या घासाघिशीनंतर सौदा दोन हजारांवर तुटला व प्रत्येक भावास पांचशें आले. आणखी दोन गिऱ्हाइकें पाहिलीं असतीं तर कदाचित् अधिक मिळाले असते, असें बंधूंना अजूनही वाटतें.

तबकड्या घरींच राहिल्या. पुण्याच्या पुतण्याजवळ विजेवरचें यंत्र आहे, पण त्याची बारीक सुई ह्या रुंद रेघांस चालत नाहीं. जाड सुई त्यानें मागविली आहे. तोंवर काकूंनीं त्या कपाटांत पुस्तकांसारख्या उभ्या लावून ठेविल्या आहेत.